रेडिओ गप्प झाला की आधी सूर्य बघा

२०१७ साली अनंत चतुर्दशी ५ सप्टेंबरला होती. दुसऱ्या दिवशी बुधवार. गणपती गेल्यावर घर जसं रिकामं रिकामं वाटतं तसं वाटत होतं, मखर अजून उतरवलं नव्हतं. जेवणं आवरून मी माझा हॅम रेडिओ, म्हणजे हौशी लोकांचा आपसांत बोलायचा बिनतारी संच, लावला आणि १४ मेगाहर्ट्झच्या बँडवर (लहरींच्या पट्ट्यावर) बसले. पावणेतीनच्या सुमाराला बँड बसायला लागला. आधी आवाज पातळ झाले, मग नुसती खरखर उरली, मग खरखरही ओसरली. अँटेना गेली असणार म्हणून मी भर उन्हात गच्चीवर चढले. पावसाने कनेक्टर हिरवा पडला होता. तो कापून नवा लावला, सोल्डर मारला, टेप गुंडाळली. खाली येते तो आवाज परत! दुरुस्ती फळाला आली म्हणून मी खूश. साडेपाचला मस्कतच्या एका स्नेह्यांशी बोलत होते, तर ते वाक्याच्या मध्येच नाहीसे झाले. पुन्हा शिडी, पुन्हा गच्ची.

कनेक्टरचा काही दोष नव्हता. त्या दिवशी सूर्यावर आपल्या वेळेप्रमाणे दुपारी २ वाजून ४० मिनिटांनी एक्स-२.२ आणि संध्याकाळी ५ वाजून ३२ मिनिटांनी एक्स-९.३ दर्जाची ज्वाला उसळली होती. दुसरी तर त्या अख्ख्या सौरचक्रातली सर्वांत मोठी. हे मला रात्री कळलं आणि मनाला लागलं. कारण मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बत्तीस वर्षं काढली आहेत. लाईन गेली की फॉल्ट कुठल्या टोकाला आहे ते आधी शोधायचं आणि मगच शिडी लावायची, हे मी किती नवीन पोरांना शिकवलं असेल.

तेव्हापासून मी सूर्यापासून माझ्या अँटेनापर्यंत एक लाईन टाकलेली आहे असं धरून चालते. तिच्यावर ठिकठिकाणी खांब आहेत, आणि हे खांब म्हणजे सूर्यावर पाळत ठेवणारी यानं. त्यांची चित्रं आणि आलेख कुणालाही फुकट, मोबाईलवर बघता येतात. पण कुठलं यान कुठे उभं आहे हे ठाऊक नसेल तर त्या चित्रांचा काही बोध होत नाही. म्हणून सुरुवात तिथून.

शिवणकामाची टेप काढा

टेपवर शून्याशी पृथ्वी धरा आणि १०० सेंटिमीटरवर सूर्य. खरं अंतर सुमारे १५ कोटी किलोमीटर, म्हणजे आपला एक सेंटिमीटर झाला १५ लाख किलोमीटरचा. या मापात सूर्य साधारण तुरीच्या टपोऱ्या दाण्याएवढा येतो, एक सेंटिमीटरला थोडा कमी. पृथ्वी सुईच्या टोकालाही दिसणार नाही.

आता एका सेंटिमीटरवर पेन्सिलीने खूण करा. हा एल-१ बिंदू. इथे पृथ्वी आणि सूर्य यांची ओढ अशी जुळते की यान पृथ्वीबरोबरच वर्षाला एक फेरी घालतं आणि कायम आपल्या आणि सूर्याच्या मध्ये राहतं. १९९५ सालचं सोहो, १९९७ सालचं एस, २०१५ सालचं डिस्कव्हर आणि आपलं आदित्य-एल१ ही सगळी याच खुणेजवळ. सप्टेंबर २०२५मध्ये अमेरिकेने आणखी दोन यानं, आयमॅप आणि स्विफो-एल१, एकाच रॉकेटवरून तिकडेच धाडली. ही यानं नेमक्या बिंदूवर मात्र ठेवत नाहीत, भोवती मोठा वळसा घेत फिरवतात. नेमक्या बिंदूवर ठेवलं तर आपल्या अँटेनांना यानाच्या बरोबर मागे सूर्यच दिसेल, आणि सूर्य हा स्वतः मोठा रेडिओ-गोंगाट आहे. त्यात यानाचा बारीक आवाज बुडून जाईल.

अमेरिकेचे गोज हे हवामान-उपग्रह पृथ्वीपासून ३६ हजार किलोमीटरवर आहेत. टेपवर ते शून्याच्या रेघेतच गेले, तुमच्या पेन्सिलीचं टोक त्याहून जाड आहे. सूर्याची चित्रं घेणारं २०१० सालचं एसडीओ हे यानही तिथेच. आणि सूर्याच्या सर्वांत जवळ जाणारं पार्कर यान? ते २४ डिसेंबर २०२४ला सूर्याच्या पृष्ठभागापासून ६१ लाख किलोमीटरवरून गेलं. तुरीच्या दाण्यापासून चार बोटंही नाही, जेमतेम चार सेंटिमीटर.

ही टेप मी शेजारच्या सायलीला पहिल्यांदा दाखवली तेव्हा तिने एक सेंटिमीटरच्या खुणेवर बोट ठेवून विचारलं, "मावशी, एवढंच? मग ही यानं सूर्याजवळ गेलीच नाहीत की!" बरोबर. ती सूर्याजवळ गेलेली नाहीत, आपल्या दाराशी उभी आहेत. येणारा पाहुणा अंगणात पाय ठेवण्याआधी फाटकाशी दिसावा, एवढंच त्यांचं काम.

घड्याळाचं एकदा नीट बघून घ्या

सगळ्या आलेखांवर जागतिक वेळ असते. तिच्यात साडेपाच तास मिळवले की आपली वेळ. माझ्या टेबलावर दोन घड्याळं आहेत, एक आपलं आणि एक जागतिक वेळेचं. आलेखात ०९:१० दिसलं आणि तुम्ही ते सकाळचे नऊ धरलेत तर पुढचं सगळं चुकणार.

पहिला खांब: क्ष-किरणांची रेघ

रोज सकाळी चहाबरोबर मी आधी गोजचा क्ष-किरणांचा आलेख उघडते. अमेरिकेच्या अवकाश-हवामान केंद्राच्या पानावर तो असतो. त्यात दोन प्रकारच्या रेघा दिसतात, आपण वरची बघायची. कडेला ए, बी, सी, एम, एक्स अशी अक्षरं असतात. प्रत्येक अक्षर मागच्याच्या दहापट. एम-५ म्हणजे एक्स-१च्या निम्मा, एवढं डोक्यात बसलं की पुरे. सी असेल तर माझ्या कामात फरक पडत नाही. एम-१च्या वर गेली की खालचे बँड कुरकुरतात, एक्स लागला की उजेडातल्या बाजूचा संपर्क काही मिनिटांपासून तास-दोन तासांपर्यंत जाऊ शकतो.

कारण असं की क्ष-किरण उजेडाच्याच वेगाने, ८ मिनिटं २० सेकंदांत येतात आणि वातावरणातल्या ६० ते ९० किलोमीटर उंचीच्या थरातले कण एकदम विद्युतभारित करतात. रेडिओलहरी एरवी त्या थरातून वर जाऊन परावर्तित होऊन खाली येतात, त्या तिथेच शोषल्या जातात. यात आधी सूचना मिळत नाही. यानाला दिसतं त्याच क्षणी आपल्याकडेही घडलेलं असतं.

म्हणून बँड अचानक बसला तर गच्चीवर जाण्याआधी तीन गोष्टी करा. आलेखात उभी चढण आहे का बघा. असेल तर वरच्या बँडवर जा. शोषण खालच्या फ्रिक्वेन्सीवर जास्त असतं, त्यामुळे २८ मेगाहर्ट्झ लवकर मोकळा होतो आणि ७ सगळ्यात उशिरा. आणि तिसरं, जिकडे रात्र आहे तिकडचं कुणी ऐकू येतंय का पाहा. रात्रीच्या बाजूला हे शोषण नसतं. त्या ६ सप्टेंबरला साडेपाचला आपल्याकडे सूर्य कलला होता आणि पश्चिमेला माथ्यावर होता. मस्कत गेलं, पण पूर्वेकडचे काही आवाज अशक्त का होईना चालू होते. ती खूण माझ्या कानावर पडली होती, अर्थ तेवढा लागला नव्हता.

मार्च आणि सप्टेंबरच्या आसपास या आलेखात रोज ठरावीक वेळी खाच पडते. उपग्रहाच्या आणि सूर्याच्या मध्ये पृथ्वी येते म्हणून. काही बिघडलेलं नसतं.

दुसरा खांब: सूर्याचा चेहरा

ज्वाला कुठून आली ते एसडीओ दाखवतं. इथे एकच गोष्ट ठणकावून सांगते, सूर्याकडे नुसत्या डोळ्यांनी किंवा दुर्बिणीतून कधीही बघू नका. हे यान आपल्यासाठी बघतंय.

एसडीओच्या पानावर एकाच सूर्याचे रंगीबेरंगी गोळे दिसतात. हे रंग खरे नाहीत. हे किरण डोळ्यांना दिसतच नाहीत, त्यामुळे प्रत्येक तरंगलांबीला एकेक रंग वाटून दिलाय. सगळे गोळे रोज बघत बसायची गरज नाही. मी तीन बघते. ३०४ क्रमांकाचा लाल गोळा, त्यात कडेवर उभ्या राहिलेल्या ज्वालांच्या कमानी छान दिसतात. १९३चा तपकिरी, साधारण बारा लाख अंश तापमानाचा वायू दाखवणारा. त्यातले काळे पट्टे म्हणजे प्रभामंडलातली, सूर्याच्या बाहेरच्या वातावरणातली, भोकं. तिथून वेगवान सौरवारा, म्हणजे सूर्यावरून वाहणारा भारित कणांचा झोत, सुटतो. आणि १३१चा हिरवट-निळा, तो कोटभर अंशांचा वायू पकडतो, म्हणून ज्वाला पेटताना त्यातच सर्वांत ठळक चमकते.

दिशा लक्षात ठेवा: वर उत्तर, पण पूर्व डावीकडे. जमिनीच्या नकाशाच्या उलट. डाग डाव्या कडेने उगवतात, मध्यावर येतात आणि सुमारे दोन आठवड्यांत उजव्या कडेला मावळतात. मध्यावरच्या डागातून काही सुटलं तर रोख आपल्याकडे. डाव्या कडेवरचं बहुतेक बाजूने जातं. उजव्या बाजूच्या डागांकडे मात्र मी जास्त लक्ष देते, कारण सूर्य फिरत असल्याने सौरवाऱ्याबरोबर बाहेर पडणारे चुंबकीय धागे बागेतल्या फिरत्या फवाऱ्यासारखे वळलेले असतात, आणि आपल्यापर्यंत पोचणारा धागा त्या बाजूला रुजलेला असतो. वेगवान प्रोटॉन त्या धाग्यावरून घसरत थेट इकडे येतात.

तिसरा खांब: सोहो

सोहोवर माझा जीव आहे. समोरून येणाऱ्या गाडीचा दिवा तळहाताने झाकला की मागची माणसं दिसायला लागतात, तसं सोहोमधल्या लॅस्को या उपकरणात सूर्याच्या तोंडासमोर एक चकती आहे. चकती सूर्य झाकते आणि भोवतीचं फिकट प्रभामंडल दिसतं. केशरी चित्र जवळचं, निळं चित्र दूरवरचं, सूर्याच्या ३० त्रिज्यांपर्यंतचं. चकतीच्या मधोमध काढलेलं पांढरं वर्तुळ म्हणजे खरा सूर्य.

सूर्य कधी कधी आपल्या वायूचा अब्जावधी टनांचा ढगच्या ढग बाहेर फेकतो. त्याला सीएमई म्हणतात. निळ्या चित्रांची मालिका चालवली की तो फुगत बाहेर जाताना दिसतो. त्याचा वेग घरी काढता येतो, आणि हे एकदा तरी हाताने करून बघाच. पडद्यावर पट्टी धरून पांढऱ्या वर्तुळाची त्रिज्या मोजा. ती झाली ७ लाख किलोमीटर. समजा ढगाचं तोंड ०४:०० वाजता मध्यापासून १० त्रिज्यांवर होतं आणि ०६:०० वाजता २० त्रिज्यांवर. दोन तासांत ७० लाख किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे ९७० किलोमीटर. १५ कोटी भागिले ९७० केलं की साधारण ४३ तास. वाटेत वेगवान ढग सावकाश होतात, सावकाश ढगांना वारा ओढून नेतो, त्यामुळे यात काही तास इकडचे तिकडे होतात. शिवाय हा हिशेब बाजूला जाणाऱ्या ढगालाच नीट लागू पडतो.

आपल्याकडे येणारा ढग बाजूला जाताना दिसत नाही. तो चकतीच्या चारी बाजूंनी कंकणासारखा फुलतो. पण थेट आपल्यापासून दूर जाणाराही असाच दिसतो! मग ओळखायचं कसं? एसडीओकडे परत जा. त्याच वेळी सूर्याच्या चेहऱ्यावर काही पेटलं असेल तर ढग आपल्याकडे, चेहरा शांत असेल तर तो पाठीमागून गेला. दोन खांब ताडून पाहिल्याशिवाय निकाल द्यायचा नाही.

या चित्रांत नवखे दोन ठिकाणी फसतात. एखादा ग्रह चौकटीत आला की तो इतका तेजस्वी असतो की त्याच्या दोन्ही बाजूंना आडवी पांढरी रेघ उमटते. उडती तबकडी म्हणून ती चित्रं फिरतात, तो बिचारा शुक्र असतो. आणि कधी सबंध चित्रावर बर्फ पडल्यासारखे पांढरे ठिपके येतात. तो कॅमेऱ्यावर प्रोटॉनांचा मारा. १४ जुलै २०००च्या ज्वालेनंतरची चित्रं काढून बघा, हिमवादळच दिसेल. असा बर्फ दिसला की ध्रुवांकडचे रेडिओमार्ग त्या दिवशी सोडून द्या. आणि एखादा ठिपका चित्रागणिक सूर्याकडे सरकतोय, शेपूट सूर्यापासून उलट्या दिशेला आहे, असं दिसलं तर तो धूमकेतू. सोहोच्या चित्रांत पाच हजारांहून जास्त धूमकेतू सापडलेत, बहुतेक तुमच्याआमच्यासारख्या हौशी लोकांना.

हे यान जून १९९८मध्ये हरवलं होतं. एक चुकीची आज्ञावली गेली, यान गरगरायला लागलं, पॅनेलांवर ऊन पडेना आणि संपर्क तुटला. जुलैमध्ये पोर्तो रिकोच्या आरेसिबो दुर्बिणीने त्याच्या दिशेने रडारलहर सोडली आणि कॅलिफोर्नियातल्या गोल्डस्टोनच्या ७० मीटरच्या अँटेनाने तिचा प्रतिध्वनी ऐकला. यान जागेवरच होतं, सावकाश फिरत होतं. ३ ऑगस्टला त्याचा नुसता वाहक सूर ऐकू आला. मग बॅटऱ्या थोड्या थोड्या भरत, टाकीत गोठलेलं इंधन वितळवत, सप्टेंबरच्या मध्यावर त्याचं तोंड परत सूर्याकडे वळवलं. पुढे डिसेंबरपर्यंत त्याचे तिन्ही जायरो, म्हणजे यानाची दिशा सांभाळायला लागणारी उपकरणं, गेले, तर जायरोशिवाय चालेल अशी आज्ञावली वरून चढवली. कुठलीही लाईन मेली म्हणून सोडून देण्याआधी मला हे आठवतं.

चौथा खांब: फाटक

ढग निघाल्यावर दीड-दोन दिवस कुणालाच नक्की काही सांगता येत नाही, कारण ढगातलं चुंबकीय क्षेत्र कुठल्या दिशेचं आहे ते लांबून दिसत नाही. ते कळतं ढग एल-१वरच्या यानांच्या अंगावरून जाताना. तिथून सौरवाऱ्याचा आलेख येतो. वेग, घनता आणि क्षेत्राचे आकडे. त्यात बी-झेड नावाची रेघ शोधा. ती शून्याच्या वर असेल तर पृथ्वीच्या क्षेत्राचं फाटक बंद, कितीही मोठा ढग असो. खाली गेली की फाटक उघडतं. उणे दहाच्या खाली काही तास टिकली तर पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात वादळ धरून चाला.

किती वेळ हातात आहे? १५ लाख भागिले वेग. वारा सेकंदाला ४०० किलोमीटरचा असेल तर तासभर, ८००चा असेल तर अर्धा तास.

१० मे २०२४ची रात्र मी या रेघेसमोर बसून काढली. १३६६४ क्रमांकाच्या डागसमूहातून एकामागून एक ढग निघाले होते. आपल्याकडे रात्री दहाच्या पुढे वेग सातशेच्या घरात उडी मारून गेला आणि बी-झेड खाली कोसळली, पुढे उणे चाळीसच्याही खाली. मी सायलीला खिडकीतून हाक मारली. अर्ध्या-पाऊण तासात पृथ्वीवरचे चुंबकमापक हलले. जी-५, म्हणजे वादळांच्या मोजपट्टीवरचा सर्वांत वरचा दर्जा. ऑक्टोबर २००३नंतरचं पहिलंच इतकं मोठं वादळ. लडाखमध्ये हानले इथल्या वेधशाळेच्या कॅमेऱ्याने त्या रात्री आकाशात लाल प्रकाश टिपला.

लाईनचं शेवटचं टोक आपल्या कोकणातच आहे. १८५९च्या सप्टेंबरात, आजवरच्या नोंदीतल्या सर्वांत मोठ्या वादळात, मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत माणसं डोळ्यांनी चुंबकाची वाचनं घेत होती. सुमारे १६०० नॅनोटेस्लाची घसरण त्यांनी लिहून ठेवली, आणि जगभरचे शास्त्रज्ञ त्या वादळाचा हिशेब करताना अजून ती वही उघडतात. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून ते काम पुढे अलिबागला हलवलं. ते आजही चालू आहे.

आदित्यचं काय बघायचं

हा प्रश्न मला सगळेच विचारतात. आदित्य-एल१ २ सप्टेंबर २०२३ला श्रीहरिकोट्याहून निघालं आणि ६ जानेवारी २०२४ला एल-१भोवतीच्या कक्षेत बसलं. त्यावर सात उपकरणं आहेत. त्यातलं सूट नावाचं उपकरण पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेच्या पुढाकाराने तयार झालं. ते २०० ते ४०० नॅनोमीटरच्या अतिनील किरणांत अख्ख्या सूर्याची चित्रं घेतं. यातले बरेचसे किरण वातावरणातच अडतात, जमिनीवरून बघण्याची सोयच नाही. सौरवाऱ्याचे कण मोजायला ॲस्पेक्स आणि पापा, क्षेत्र मोजायला मॅग्नेटोमीटर. इस्रोच्या 'प्रदान' या पोर्टलवर नाव नोंदवून यांची माहिती उतरवून घेता येते. ती कच्च्या स्वरूपात असते, चहाबरोबर चाळण्यासारखी नाही. घरात विज्ञानाचं शिकणारी मुलं असतील तर त्यांना सुट्टीत या कामाला जरूर बसवा.

पार्करही रोजच्या कामाचं नाही, पण त्याच्या नावामागची गोष्ट मुलांना सांगा. १९५८ साली यूजीन पार्कर यांनी सौरवाऱ्याची कल्पना मांडली तेव्हा परीक्षकांनी लेख नाकारला. त्या नियतकालिकाचे संपादक होते सुब्रह्मण्यन चंद्रशेखर. कल्पना त्यांनाही पटली नव्हती, पण गणितात चूक सापडेना म्हणून त्यांनी लेख छापला.

वही

हे सगळं बघून विसरलात तर उपयोग नाही. मी दोनशे पानी वही ठेवते. तारीख, सर्वांत मोठी ज्वाला आणि तिची वेळ दोन्ही घड्याळांत, डाग कुठे होता, ढग निघाला का, बी-झेड, आणि शेवटी माझ्या बँडवर काय ऐकू आलं. शेवटचा रकाना रिकामा सोडू नका, तो कुठल्याच यानाकडे नसतो. सूर्य आपल्याला सुमारे २७ दिवसांत पुन्हा तोच चेहरा दाखवतो, म्हणून मोठा डाग दिसला की मी सत्तावीस पानं पुढे जाऊन पेन्सिलीने फुली मारते. १३६६४ मेच्या मध्यावर उजव्या कडेला मावळला. २७ मेच्या दुपारी डाव्या कडेवरून एक्स दर्जाची ज्वाला आली तेव्हा सायली पान उलटून बघत होती. फुली त्याच आठवड्यात होती. डाग तोच, परत उगवताना त्याला नवीन क्रमांक मिळाला, १३६९७.